सायकलच्या ट्यूबचा बेस

आप्पा,

ऐकायला तुम्हाला जिवंतपणीही धड येत नव्हतं, आणि वाचायला तर त्याहून कमी. तरी लिहितोय, कारण बोलण्यापेक्षा हे बरं. तुमच्याशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन बोंबलायचं, आणि एवढं करून तुम्ही भलतंच काहीतरी उत्तर देणार, तेही अशा ऐटीत की चूक विचारणाऱ्याचीच. सुरतेत पर्वत पाटियाच्या आपल्या खोलीत भाजीत मीठ कमी आहे एवढं सांगितलं तरी चार घरांना कळायचं. मला लाज वाटायची. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, मी स्वतः पन्नाशी ओलांडली, आणि अजून रस्त्यात कोणी मोठ्यानं बोलणारा खानदेशी माणूस दिसला की मी पटकन दुसरीकडे बघतो. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी.

तुम्ही कडोदऱ्याच्या कापडाच्या कारखान्यात जॉबर होतात, म्हणजे अडलेला लूम चालू करून देणारा माणूस. ते काम तुम्हाला फार छान यायचं, असं तुमच्याबरोबरचे लोक तेराव्याला येऊन सांगत होते. चाळीस लूम धडधडत असताना कोणता दुखतोय हे तुम्ही नुसता हात लावून ओळखायचात म्हणे. असेल. मी फक्त घरातलं पाहिलं. घरात तुमची दुरुस्ती म्हणजे तीन वस्तू: सायकलची जुनी ट्यूब, लूमवर धोट्याला टोला मारणाऱ्या पिकरच्या चामड्याचा तुकडा, आणि पंक्चरवाल्याचं सोल्युशन. नळ गळतोय, लावा ट्यूब. पंखा खडखडतोय, घाला चामडं. आईच्या चपलेचा अंगठा, माझ्या कंपासपेटीची कडी, देवघराचं दार, सगळं त्या काळ्या रबरात गुंडाळलेलं. आणि दुरुस्त झालेली प्रत्येक वस्तू आधीपेक्षा बेढब दिसायची, हे तुमच्या कधी लक्षातच आलं नाही. कोणी तोंड उघडलं की तुमचं एकच ठरलेलं, "तुले काय समजस?" जगात कोणालाच काही समजत नव्हतं, एकट्या तुम्हाला सोडून.

आता तो हेडफोनचा किस्सा. तीस वर्षं तो मी लोकांना सांगत आलोय. तुमच्यासमोरही सांगितलाय, तुम्ही खाटेवर बसलेले असताना, पण तुम्हाला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. तेव्हा एकदा तुम्हालाही सांगतो, लोकांना सांगतो अगदी तसाच.

मी तेव्हा चोवीसचा. एका कॅसेट काढणाऱ्या शेठकडे रेकॉर्डिंगला होतो. स्टुडिओ म्हणायचं आपलं, होत्या दोन खोल्या, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, एक मिक्सिंगचं टेबल, दोन डेक. आमचं गिऱ्हाईक म्हणजे तुमच्यासारखेच लोक, धुळ्या-नंदुरबारकडून येऊन लूमवर उभे राहणारे. त्यांच्यासाठी आम्ही खानदेशी लग्नाची गाणी काढायचो. दोन वर्षं मी वायरी गुंडाळल्या, गायकांना चहा दिला, कॅसेटींवर लेबलं चिकटवली. आणि मग एका लगीनसराईच्या आधी शेठ मला म्हणाला की या वेळची कॅसेट पूर्ण तू कर, रेकॉर्डिंगपासून शेवटच्या बॅलन्सपर्यंत, म्हणजे कोणता आवाज किती ठेवायचा तिथपर्यंत. नीट झाली तर टेबल तुझं, नाहीतर दुसरा माणूस बघतो. त्यानं ते असं दोन वाक्यांत सांगितलं. मला मात्र त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. टेबल मिळालं नाही तर मला कुठं जायचं होतं ते पक्कं माहीत होतं. तुम्ही आधीच तुमच्या मुकादमाशी बोलून ठेवलं होतं. कडोदऱ्याला माझ्यासाठी चार लूम तयार होते.

स्टुडिओच्या खालच्या मजल्यावर लूमचा कारखाना होता. दिवसभर जमीन घुमायची, त्यामुळे स्पीकरवर ढोल किती आहे आणि खालचे लूम किती हे कळायचंच नाही. म्हणून शेवटचा बॅलन्स हेडफोनवर. त्यासाठी मी शनिवारी बाजारातून एक जुना हेडफोन आणला होता, परदेशी बनावटीचा, मागच्या बाजूनं बंद नसलेला. कानावरच्या वाटीला पाठीमागं काळी जाळी, आवाज तिथून मोकळा बाहेर जाणार. अशा हेडफोनमध्ये बेस कमी ऐकू येतो, पण जे ऐकू येतं ते फुगवलेलं नसतं, गाणं जसं आहे तसं येतं. हे मी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं, डिक्शनरी घेऊन. तो हेडफोन मी रोज पिशवीत घालून घरी आणायचो, कारण स्टुडिओत राहिला तर कोणीही डोक्यावर चढवेल. घरी कोणी चढवेल असं डोक्यात आलं नाही.

तुम्ही चढवला. उलटा. डावा उजवीकडे. माझ्या वॉकमनमध्ये आमच्या गाण्यांची कच्ची कॅसेट होती, ती लावलीत आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलंत, "हाई काय लई उना? ढोल कोठे शे? आवाजमा जीवच नही!" मी तुम्हाला समजावायला गेलो. किती मूर्ख मी. मागची जाळी, हवा, मासिकात काय लिहिलंय, सगळं ओरडून ओरडून सांगितलं. तुम्ही वाटी हातात घेऊन जाळीवर बोटं फिरवत होतात. मग म्हणालात, मांगून सगळी हवा निंघी जास, ढोलकीला एकीकडून चामडंच नसेल तर ती काय वाजणार? चौथी नापास माणूस मला आवाज शिकवत होता. ज्याचे स्वतःचे कान लूमनं खाल्ले होते, ज्याला कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती, दारावरची बेल ऐकू येत नव्हती, आई पाठीमागून हाका मारून दमायची तरी कळत नव्हतं, तो सांगत होता की आवाजात जीव नाही. लूमवरच्या माणसाचे बारीक आवाज आधी जातात, आप्पा, जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. तुम्हाला फक्त ढोल ऐकू यायचा. म्हणून जगातल्या प्रत्येक गाण्यात ढोल कमी होता.

मग तुमच्या सुट्टीचा दिवस आला. माझं त्या दिवशी नुसतं रेकॉर्डिंग होतं, म्हणून हेडफोन घरीच ठेवून मी कामावर गेलो होतो. पुढचं सगळं मला आईनं नंतर सांगितलं. आई स्टोव्हवर भाकरी टाकत होती. तुम्ही तिच्या शेजारी पाट मांडून बसलात आणि माझा हेडफोन खोललात. आईची बांगडी ट्यूबवर ठेवून गोल आखलेत, मग अंदाजानं आतून कापत कापत जाळीएवढे केलेत. भाकरी उतरवली की मधल्या वेळात स्टोव्हच्या जाळावर सुई तापवायची आणि रबराला एक भोक पाडायचं, एकच, बारीक. आईनं विचारलं, हे कशाला. तर म्हणालात, श्वास घ्यायला. जाळीच्या आतून ट्यूबची चकती चिकटवलीत, तिच्यावर कारखान्यातून आणलेल्या नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, तुकडा, आणि वरची पट्टी वाकवून घट्ट केलीत, म्हणजे वाट्या कानाला चिकटून बसतील आणि हवा सुटणार नाही. जाळी काळी, ट्यूब काळी, बाहेरून काही दिसत नव्हतं. एकदाच आयुष्यात तुम्ही दुरुस्त केलेली वस्तू बेढब दिसली नाही, आणि तीच नेमकी माझी असावी!

आणि मी तो हेडफोन दुसऱ्या दिवशी काहीही न कळता पिशवीत घालून घेऊन गेलो. इथं मी नेहमी जरा थांबतो, लोकांना पुढचं लक्षात येऊ देतो. कानात ढोल भरपूर, घुमतोय नुसता. साहजिकच मी टेबलावर बेस उतरवला. अजून उतरवला. हेडफोनमध्ये बरोबर वाटेपर्यंत उतरवत गेलो. कान जरा जास्त आवळल्यासारखे वाटत होते, ते मी उकाड्यावर घातलं. तीन दिवसांत मास्टर तयार करून शेठच्या हातात दिला, त्यानं कॉप्या काढून स्टॉलवाल्यांकडे पाठवून दिल्या. लगीनसराई तोंडावर होती, थांबून ऐकायला कोणाला वेळ होता.

चौकातल्या कॅसेटच्या स्टॉलवर मी स्वतः उभा होतो. सकाळची पाळी सुटलेली, लोक चहाला थांबलेले. स्टॉलवाल्यानं आमची कॅसेट मोठ्या स्पीकरला लावली. आप्पा, नुसता पत्रा. गाणारी बाई किंचाळतेय आणि पाठीमागं कोणीतरी डब्यावर बोटं आपटतंय. दोघा-तिघांनी मान पुढं करून ऐकलं. एकानं आवाज वाढवायला सांगितला. वाढवला तर बाई अजून किंचाळली. त्यानं कॅसेट परत ठेवली आणि त्याच्या सोबत्याला विचारलं, ढोल कुठाय? मग सगळेच विचारायला लागले. दुसऱ्या कोणी कदाचित चालवून घेतलं असतं, पण लूमवरच्या माणसाला ढोल नसलेलं गाणं विकणं म्हणजे रिकामं ताट पुढं ठेवणं. खोकी परत आली. शेठनं मला समोर बसवलं, "भाई, ढोल क्यां गयो?" मी म्हणालो, हेडफोनवर तर भरपूर होता. त्यानं हेडफोन मागितला, कानाला लावला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि स्क्रू-ड्रायव्हर मागवला. जाळी निघाली आणि तुमची चकती टेबलावर पडली. तिच्यावर जुन्या पंक्चरचं ठिगळ तसंच होतं. ढोलकीवाला, बाजावाला, चहावाला, सगळे हसले. मी म्हणालो, माझ्या बापानं केलंय. माझ्या पाठीमागं केलंय.

हसणं संपल्यावर शेठ म्हणाला की उद्या सांगतो तुझं काय करायचं. मी घरी येऊन तुम्हाला जे बोललो ते इथं लिहीत नाही. त्या दिवशी तुम्हाला सगळं ऐकू आलं असावं, कारण तुम्ही उलट उत्तर दिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत पोचायच्या आधी तुम्ही तिथं. पाळी बुडवून, लग्नाला घालायचा पांढरा शर्ट घालून, डोक्यावर टोपी. सुरतेत तुम्ही टोपी कधी घालायचा नाहीत. शेठ तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, खुर्चीत बसलेला, आणि तुम्ही त्याच्यासमोर हात जोडून उभे. आणि काय ते हिंदी! "शेठ, लडके को कुछ मालूम नहीं था. मैंने किया. उसके पीछे किया." शेठ म्हणाला, काका, बसा ना. तुम्ही म्हणालात, लडके को कुछ मालूम नहीं था. त्यानं विचारलं, पाणी पिणार का. तुम्ही म्हणालात, लडके को कुछ मालूम नहीं था. त्याला हसू आवरेना. त्यानं कोणती ट्यूब वापरलीत तेही विचारलं, मुद्दाम, आणि तुम्ही पुन्हा तेच. मी दारात उभा होतो. आतला ढोलकीवाला तोंडावर रुमाल धरून बसला होता. मला वाटलं, हा माणूस माझा बाप आहे हे आता या खोलीत सगळ्यांना कायमचं माहीत झालं. इतका तिटकारा मला कोणाचा कधी आला नाही, आप्पा. लूमवर मरेपर्यंत उभं राहावं, पण असं कोणासमोर उभं राहू नये, असं वाटलं. शेवटी शेठच कंटाळला. तुमच्या खांद्यावर हात ठेवून जिन्यापर्यंत सोडून आला आणि मला म्हणाला, काढ नवीन मास्टर, या वेळी स्पीकरवर. खालचा कारखाना बंद असतो त्या दिवशी येऊन कर. केला. चालला. टेबल माझं झालं.

तिथून पुढं सगळं त्या टेबलावरच झालं. आता माझी स्वतःची खोली आहे, भजनं होतात, लग्नाची गाणी होतात, रिक्षावर भोंगा लावून फिरवायच्या जाहिराती होतात. आणि तुमचा किस्सा होतोच. माझ्या लग्नाच्या पंगतीत झाला. स्टुडिओत नवा माणूस आला की होतो. तुमच्या दहाव्याला, घाटावरून परत येताना रिक्षातही झाला, वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून. तुम्ही जिवंत असताना सांगितला की तुम्ही सगळ्यांची तोंडं बघायचात, आणि सगळे हसले की जरा उशिरानं हसायचात. त्या हेडफोननंतर तुम्ही घरात कशाला हात लावला नाहीत. पंखा बिघडला तर आईला म्हणायचात, बाहेरून मानूस बलाव. मला वाटायचं, चला, एकदाची अक्कल आली.

परवा माझ्या मुलीनं घोळ केला. ती आता माझ्याच खोलीत काम शिकते, फोनवर काहीबाही बघत असते. एक परदेशी माणूस उघड्या पाठीच्या हेडफोनचा बेस कसा वाढवायचा ते दाखवत होता, मागून बंद करा, आत नमदा घाला, एक बारीक भोक ठेवा. हजारो लोक त्याला धन्यवाद देत होते. मुलगी म्हणाली, पप्पा, हे तर आजोबांचंच आहे. मी पुन्हा किस्सा सुरू केला. ती यापूर्वी दहा वेळा हसलेली, या वेळी हसली नाही. तिनं आमचा उघडा हेडफोन कानाला लावला, गाणं चालू केलं आणि दोन्ही तळहात मागून जाळ्यांवर ठेवले. मग काढले. पुन्हा ठेवले. आणि अगदी सहज म्हणाली, "पण पप्पा, हे तर पहिल्या सेकंदाला कळतं. तुम्हाला कसं नाही कळलं?" मी म्हणालो, तेव्हा माझे कान तयार नव्हते. तिनं मान डोलावली आणि कामाला लागली. तिला पटलं नाही. चांगले कान आहेत तिला, कोणावर गेलीय कोण जाणे.

तर आता तुम्हीच उरलात, आप्पा, ज्याला हा किस्सा सांगून उपयोग नाही. इतकं सगळं लिहिलं तेव्हा कळलं की सगळ्या जगाला सांगता येतं ते तुम्हाला सांगता येत नाही, कारण तुम्ही तिथं होतात. हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. मुलीला तर नाहीच. दाखवायचं म्हटलं तर शेवटचा भाग लिहावा लागेल.

तुम्ही हेडफोन खोललात त्याच संध्याकाळी मी घरी आलो. तुम्ही दारातच तो माझ्या डोक्यावर बसवलात, या वेळी सुलटा, आणि वॉकमनचं बटण दाबलंत. ढोल आला. पोटात आला. दोन वर्षं मी ज्या गाण्यांमध्ये बसलो होतो, त्यातला ढोल मला पहिल्यांदा ऐकू आला, आणि तो इतका छान होता की मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. तुम्ही पाठीमागची जाळी दाखवून सगळं सांगितलंत, ट्यूब, नमदा, भोक. कॅसेट करायची आहे हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसून विचारलंत, "तुन्हा कामले चाली का? नहीतर आत्तेच काढी टाकस." हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. हा आवाज फुगवलेला आहे हे मला कळत होतं. मासिकातलं वाक्य तोंडपाठ होतं. मला वाटलं, तेवढा अंदाज मी धरीन, आपल्याला समजतं सगळं. आई स्टोव्हपाशी होती, तिनंही ऐकलं. मी ओरडून सांगितलं, राहू द्या, मस्त वाजतंय. तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं.